नेमकं कुठं दुखतंय?

“कितवा गं?”

“आठवा संपत आला, मावशी.”

“मग कंबर दुखणारच की!”

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरातून निघून मंडईत पोहोचेपर्यंत हे बोलणं दोन-तीनदा होतंच. भाजीवाल्या मावशी, शाळेतल्या सेविका, समोरच्या वाड्यातल्या काकू, सगळ्यांना माझी काळजी आहे आणि सगळ्यांचं बोलणं त्याच एका वाक्यापाशी येऊन थांबतं. त्यामागची माया मला कळते. या बायांनी स्वतः तीन-तीन, चार-चार बाळंतपणं काढलीत, आणि त्यांच्या वेळी थांबून एवढंसुद्धा कुणी विचारलं नसेल. तरीही दिवस भरत आले तसं हे वाक्य मला टोचायला लागलं. सगळ्यांचंच दुखतं म्हणून ते बघायचंच नाही, हे कसलं गणित? इतक्या जणींचं दुखतं, तर ते अधिक नीट बघायला हवं.

माझी ही दुसरी खेप. थोरलीच्या वेळी माहेरी, इचलकरंजीला होते. पित्तानं हैराण केलं होतं, पाय सुजायचे, पण कंबरेची तक्रार नव्हती. यावेळी सहाव्यातच सुरू झालं आणि आठव्यात रात्रीची झोप गेली.

‘कंबर’ म्हणून आपण हात ठेवतो, त्याच्याही खालचं हे दुखणं. पाठीला खाली जिथं दोन खळ्या पडतात, त्यातली माझी उजवी खळी. तिथून कळ निघते, नितंबातून मांडीच्या मागं उतरते आणि गुडघ्याच्या अलीकडेच विरते. दुसरी जागा पुढं आहे, ओटीपोटाच्या अगदी तळाला, दोन्ही जांघांच्या मधल्या हाडावर. तिथं बोट ठेवलं तरी डोळ्यांत पाणी येतं. सरळ वाटेनं हळू चालले तर सोसतं. एका पायावर भार आला की मात्र सोसत नाही. सलवार घालायला पाय उचलला, उंबरा ओलांडला, केएमटी बसच्या उंच पायरीवर पाऊल टाकलं, की चमक. थोरलीला कडेवर घेतलं तर तिथल्या तिथं खाली बसायची पाळी येते. तीन वर्षांची पोर ती, तिला कसं सांगणार की आईचं हाड दुखतंय? मग मी जिन्याच्या पायरीवर बसते आणि ती आपण होऊन मांडीवर चढते. आता तिला ते इतकं अंगवळणी पडलंय की तिला उचलून घ्यायचं असलं की आधी मलाच हाताला धरून पायरीपाशी नेते.

आणि रात्री कूस बदलणं. ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. डाव्या कुशीवर झोपून झोपून खांदा बधिर होतो, म्हणून उजवीकडं वळावंसं वाटतं. आधी उशी धरायची. मग पोट एका हातानं उचलून धरायचं. मग गुडघा हलवायचा, आणि तो जेमतेम वीतभर हलतो न हलतो तोच पुढच्या हाडात कट्ट वाजतं. आवाज बाहेर कुणाला येत नाही, मला आतून येतो. श्वास अडकतो. अर्ध्या कुशीवर तशीच पडून राहते. पलीकडं नवरा जागा झालेला असतो, त्याला काहीतरी करायचं असतं आणि काय करायचं ते कळत नसतं. तो विचारतो, “उचलू का?” आणि मी म्हणते, “हात लावू नकोस.”

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंचं म्हणणं, उकिडवं बसून फरशी पुसावी, बाळंतपण सोपं जातं. मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं, कॅल्शियम कमी पडलं असणार. समोरच्या काकूंचं म्हणणं, रोज रंकाळा तलावाला एक पूर्ण फेरी मारावी, अंग मोकळं होतं. कुणी तीळतेलानं चोळायला सांगितलं, कुणी वात धरलाय म्हणालं. यातलं काहीच वाईट हेतूनं सांगितलेलं नव्हतं आणि काही काही तर खरंही आहे. चालणं गरोदरपणात चांगलंच. पण मला रंकाळ्याच्या अर्ध्या फेरीनंतर परतीचं पाऊल उचलेना. कॅल्शियमच्या गोळ्या मी चौथ्या महिन्यापासून नेमानं घेतेय, आणि हे दुखणं काही कॅल्शियमच्या कमतरतेचं नसतं. उकिडवं बसण्याचं म्हणाल तर जिचं पुढचं हाड दुखत नाही तिला ते चालेलही, पण माझं तेच दुखत होतं.

खरा प्रश्न विचारला तो मामंजींनी.

आमचे मामंजी तरुणपणी तालमीत होते. पंच्याहत्तरी ओलांडली तरी पहाटे उठून जोर काढतात, चार का होईनात. सुनेच्या अशा दुखण्याबद्दल ते माझ्याशी थेट बोलणं शक्य नाही, आमच्या घरात ती रीत नाही. म्हणून ते पेपर वाचता वाचता सासूबाईंना म्हणाले, “तिला विचार, कुठल्या पायावर उभारलं की दुखतंय? आणि नेमकं कुठं? म्होरं का मागं?” मी स्वयंपाकघरात होते, मला सगळं ऐकू आलं. सासूबाई आत आल्या, त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं. मामंजींनी पेपर खाली ठेवला. “मग चोळू नका कुणी. सांधा हाय तो. जाणत्याला दाखवा.”

मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. इतक्या महिन्यांत ‘नेमकं कुठं’ हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कोल्हापूरला शरीराचं दुखणं कळत नाही असं म्हणताच येणार नाही. या गावात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या, आणि पैलवानाच्या मांडीला, खांद्याला, कंबरेला काय लागतं याचं एक अख्खं शास्त्र इथं पिढ्यान् पिढ्या जपलं गेलं. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल कालवायचं ते त्याच्या अंगासाठी. थंडाईचे बदाम त्याच्यासाठी, गंगावेशेतलं धारोष्ण दूध त्याच्यासाठी. उसण भरली तर वस्ताद हातातलं काम सोडून बघतो, कुठला डाव टाकताना भरली ते विचारतो, किती दिवस लढायचं नाही ते ठरवून देतो. पैलवानाला कुणी ‘कुस्ती खेळतोस, मग दुखणारच की’ म्हणून वाटेला लावत नाही. मला पैलवानांचा हेवा वाटत नाही. माझ्या मामंजींकडं ते ज्ञान होतं म्हणूनच तर माझी वाट मोकळी झाली. फक्त तेवढीच चौकशी, तेवढाच नेमका प्रश्न पोटुशी बाईच्याही वाट्याला यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

डॉक्टर मॅडमनी तपासलं, लघवीची तपासणी करून घेतली, बाळ ठीक असल्याची खात्री केली आणि राजारामपुरीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडं चिठ्ठी दिली.

तिनं मला उताणं झोपवलं, एका बाजूला उशी लावली आणि म्हणाली, “गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर वर उचला.” पाय उचलेना. मन म्हणत होतं उचल, आणि पाय टेबलाला खिळलेला. मग तिनं माझ्या कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर दोन्ही हात ठेवले, आतल्या बाजूला घट्ट दाबून धरलं आणि म्हणाली, “आता उचला.” पाय उचलला गेला. सहज, दुखल्याशिवाय. मला रडूच आलं. माझ्यात काही कमी नव्हतं, मी दुखण्याचा बाऊ करत नव्हते, हे त्या दोन हातांनी सिद्ध केलं होतं.

मग तिनं समजावलं. कटीचं हाड एकसंध नसतं. मागं मधोमध त्रिकास्थी, दोन्ही बाजूंना दोन रुंद हाडं, ती मागं त्रिकास्थीला दोन ठिकाणी जोडलेली आणि पुढं एकमेकांना एका ठिकाणी. असं हे कडं. बुट्टीचा काठ एका बाजूनं दाबला तर दुसरीकडं फाकतो ना, तसंच याचं आहे. मागचा एक सांधा कमीजास्त हलला की पुढच्या जोडावर ताण येतो. म्हणून मला दोन ठिकाणी दुखत होतं, आणि ती दोन दुखणी नव्हती, एकच होतं. पुढच्या जोडात एरवी चार-पाच मिलिमीटरचं अंतर असतं, गरोदरपणात ते आणखी दोन-तीन मिलिमीटर वाढतं. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीर ही तयारी करतं. रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक अस्थिबंध सैल करतं, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. त्याचं प्रमाण सुरुवातीच्या तीन महिन्यांतच सर्वांत जास्त असतं, आणि दुखणं बहुतेकींना नंतर सुरू होतं. पोट पुढं येतं, पाठीचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणून पातळ होतात, वजन दहा-बारा किलोंनी वाढतं आणि या सगळ्याचा भार त्या कड्यावर येतो. ज्यांना आधी कधी कंबरदुखी झालेली असते किंवा कटीला मार लागलेला असतो, त्यांना त्रास होण्याचा संभव जास्त. साधारण पाच गरोदर बायकांमागं एकीला हे कटीचं दुखणं होतं. पाचांत एक म्हणजे आमच्या गल्लीतच किती निघतील!

आणि बाळाला यानं काही होत नाही. हे तिनं मला न विचारता सांगितलं. बरं झालं, कारण विचारायचा धीर मला झाला नसता.

तिनं शिकवलेल्या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्या आधी कुणी का सांगितल्या नाहीत याचंच नवल वाटतं. कूस बदलताना दोन्ही गुडघे वाकवायचे, मध्ये उशी घट्ट दाबून धरायची, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळवायचं. गुडघे एकमेकांपासून सुटू द्यायचे नाहीत. त्याआधी ओटीपोटाचे आणि लघवी रोखण्याचे स्नायू हलके आत ओढून घ्यायचे आणि श्वास सोडता सोडता वळायचं. चादर खरखरीत असेल तर अंग अडकतं, म्हणून खाली गुळगुळीत कापड अंथरा म्हणाली. हे घरी सांगितल्यावर सासूबाईंनी कपाटातून त्यांची एक जुनी रेशमी साडी काढली. जरीचा काठ कापून ठेवला आणि उरलेली साडी माझ्या गादीवर कंबरेच्या जागी आडवी अंथरली. “आता सरकशील,” म्हणाल्या. आणि खरंच सरकले. त्या रात्री नवरा जागा झाला नाही. त्यानंतर सासूबाईंनी फरशी पुसायचा विषय काढला नाही, उलट मी वाकले तर त्याच ओरडतात.

कपडे बसून घालायचे. रिक्षात बसताना आधी सीटवर बूड टेकायचं, मग दोन्ही पाय जोडून आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर वळायला सोपं जातं. आमच्या घरचा जिना पेठेतल्या जुन्या घरांचा असतो तसाच, अरुंद, उभा, लाकडी, धरायला वरून दोर सोडलेला. तो दिवसातून शक्य तितक्या कमी वेळा चढायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी आता लागणारं सगळं सकाळीच एका पिशवीत भरून खाली आणते. पायांत कोल्हापुरी असायची माझ्या, कायमच. तिचा तळ सपाट आणि कडक, मागून पट्टा नाही. फिजिओथेरपिस्टनं मऊ तळाची, मागून पट्ट्याची चप्पल घालायला सांगितली. कोल्हापुरी सध्या फडताळावर आहे.

आणि पट्टा. कंबरेच्या हाडांखालून, नितंबांवरून बांधायचा, पोटावर नाही. तिच्या दोन हातांनी जे काम केलं तेच तो करतो. उभं राहायचं, चालायचं असलं की बांधते, बसले की सोडते. दुकानातून अंदाजानं आणू नका, कुणा जाणत्याकडून एकदा बांधून घ्या. चुकीच्या उंचीवर बांधलेला पट्टा नुसताच टोचतो. चालायचं सोडलेलं नाही, पण रंकाळ्याची फेरी नाही, आखूड पावलांनी गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण मेडिकलमधून न विचारता गोळी आणण्याची आपल्याकडं फार सवय आहे. इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या शेवटच्या महिन्यांत चालत नाहीत, बाळाच्या हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर आणि मूत्रपिंडावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. पॅरासिटामॉल सहसा चालतं, तेही डॉक्टरांना विचारून.

आणि कंबरदुखी नेहमीच सांध्याची नसते. म्हणूनच तर ‘नेमकं कुठं, कधी, कसं’ हे विचारायला हवं. दुखणं ठरावीक वेळानं येत-जात असेल, पोट घट्ट होऊन सैल पडत असेल आणि सदतीस आठवडे भरले नसतील, तर त्या अवेळी सुरू झालेल्या कळा असू शकतात. बरगड्यांखाली एका बाजूला दुखून ताप-थंडी येत असेल, लघवीला जळजळत असेल, तर मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग असू शकतो. अंगावरून रक्त किंवा पाणी जायला लागलं, बाळाची हालचाल कमी झाली, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. दोन्ही पायांतली ताकद गेली, जांघांच्या मधला भाग बधिर झाला, लघवीवर ताबा राहिला नाही, तर तेही तातडीचं. हे सगळं क्वचित होतं. पण घरात ‘दुखणारच की’ ठरून गेलेलं असलं की यातलं काहीच वेळेत लक्षात येत नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच.

शाळेत मला फारसं झगडावं लागलं नाही. मुख्याध्यापिकांनी माझे तास तळमजल्यावर घेतले, फळ्याजवळ एक उंच खुर्ची ठेवली. पाचवीच्या मुली आळीपाळीनं फळ्यावर लिहायला येतात, त्यांना त्याचा मोठा अभिमान आहे. दिवस भरत आलेल्या बाईनं मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, असं १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात लिहिलेलं होतं. २०१७ च्या दुरुस्तीनं पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे केली, तिचा गाजावाजा झाला, ही उभं राहण्याची तरतूद मात्र फार थोड्यांना ठाऊक होती. दुकानात, कारखान्यात, पार्लरमध्ये दिवसभर उभ्या असलेल्या बायकांपर्यंत ती पोहोचायला हवी होती.

सध्या गळीत हंगाम आहे. मागच्या रविवारी माहेरी जाताना हातकणंगल्याच्या अलीकडं उसाच्या फडाशी ट्रॉली भरणं चाललं होतं, आमची गाडी थांबली. एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढत होती. पदर खोचलेला होता, तरी पोट दिसत होतं. माझ्याइतकेच दिवस गेले असतील. फळीवर एका वेळी एकच पाऊल मावतं. प्रत्येक पावलाला सगळा भार एका पायावर, डोक्यावर मोळी, पोटात बाळ. तिला कुठल्या खळीत चमक येत असेल हे मी गाडीत बसून सांगू शकत होते. ही माणसं मराठवाड्यातून येतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि एक दिवस काम चुकलं तर खाडा म्हणून पैसे कापले जातात. तिनं कुठं दुखतंय ते सांगायचं कुणाला? आपल्या जिल्ह्याच्या साखरेत तिची ती पावलं आहेत. कारखान्यांनी फडावर दवाखान्याची गाडी पाठवावी, शेवटच्या महिन्यांतल्या बाईला मोळी वाहायला लावू नये आणि तिचा खाडा धरू नये, ही मागणी मी इथं करतेय आणि जिथं जिथं बोलायला मिळेल तिथं करणार आहे.

आता बाळंतपणाकडं डोळे लागलेत. माझी मोठी भीती होती की असं हाड दुखत असताना पाय फाकवायचे कसे. फिजिओथेरपिस्टनं मला कुशीवर आणि उताणं झोपवून, दुखायला लागण्याआधी गुडघे किती लांब जातात ते टेपनं मोजलं आणि फाइलमध्ये लिहून ठेवलं. तेवढ्याच अंतरात काम भागवता येतं, कुशीवर झोपून किंवा गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन कळा देता येतात, आणि एवढ्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही, असं डॉक्टर मॅडमनीही सांगितलं. बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, काही महिन्यांत जातं. काहींचं राहतं, आणि ते राहिलं तर पुन्हा दाखवायला यायचं, ‘आता बाळ झालं ना’ म्हणून घरात बसायचं नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ज्या मावशी येणार आहेत, त्यांना काल बोलावून घेतलं. थोरलीच्या वेळच्या आमच्या माहेरच्या बाई पाय ताणून, ओढून चोळायच्या. मी या मावशींना पुढचं हाड दाखवलं, मागची खळी दाखवली, पाय ओढायचे नाहीत आणि फाकवायचे नाहीत म्हणून सांगितलं. मावशींनी पदर खोचला, माझ्या कंबरेला हात लावला आणि अंगठ्यानं शोधत शोधत बरोबर त्या जागी आल्या.

“हितं?”

“हो.”

“मग जमिनीवर नगं. कॉटवर चोळीन, कुशीवर घेऊन. आणि उशी कुठली घेत्यास गुडघ्यात, ती दाखवून ठेव.”